शून्यांचा रकाना

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला टाइम सिरीज शिकवताना मी एक धडा घेते, जो आमच्या अभ्यासक्रमात नाही. तोवर मुलं विमानप्रवाशांचे १९४९ ते १९६०चे मासिक आकडे आणि सूर्यावरचे डाग यांना पुरती विटलेली असतात. या विषयाच्या बहुतेक पुस्तकांत हीच उदाहरणं. लिहिणाऱ्यांनाही त्यांचा कंटाळा कसा येत नाही कोण जाणे. त्या दिवशी मी फळ्यावर एकच ओळ लिहिते, 'एक मृत्युदंड, आठ खून वजा', खाली साल टाकते १९७५, आणि विचारते, कुणाला पटतंय? एरवी कालमन फिल्टरच्या तासाला मागच्या बाकांवर मोबाइल चालू असतात. या प्रश्नावर मात्र हात वर होतात, आणि दोन्ही बाजूंनी होतात.

तो आकडा आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञाचा. 'अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू'मध्ये १९७५ साली त्याचा निबंध आला. १९३३ ते १९६९ या काळातले अमेरिकेचे वार्षिक आकडे घेऊन त्याने रिग्रेशन चालवलं होतं आणि अंदाज बांधला होता की एकेका मृत्युदंडामागे सात-आठ खून टळले असावेत. निबंध आला तो मुहूर्तही नेमका होता. १९७२ मध्ये फर्मन खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तेव्हाचे मृत्युदंडाचे कायदे मोडीत काढले होते आणि राज्यं घाईघाईने नवे कायदे करत होती. सॉलिसिटर जनरल रॉबर्ट बोर्क यांनी एर्लिकचं काम सरळ न्यायालयापुढे ठेवलं. १९७६च्या ग्रेग खटल्यात न्यायालयाने मृत्युदंड पुन्हा वैध ठरवला; वचक बसतो की नाही याच्या पुराव्यातून ठोस काही ठरत नाही, हे मात्र त्याच निकालपत्रात नमूद केलं.

एर्लिकचं अख्खं मॉडेल वर्गात झेपत नाही. बेकारी, उत्पन्न, अटकेची शक्यता, शिक्षा होण्याची शक्यता असे बरेच घटक त्यात आहेत. आम्ही आधी नुसत्या दोन रेषा काढतो, एक दर लाखामागे खुनांची आणि दुसरी मृत्युदंडांची. १९३३ ला खुनाचा दर नऊच्या पुढे होता. १९६२ पर्यंत तो पाचच्या आत आला. त्याच काळात मृत्युदंडही वर्षाला दीडशे-दोनशेवरून पन्नाशीच्या आत उतरले. म्हणजे तीस वर्षं दोन्ही रेषा हातात हात घालून खाली येतात. एवढाच तुकडा कुणी पाहिला तर तो म्हणेल, फाशी कमी केली की खूनही कमी होतात! मग येतात १९६३ पासूनची वर्षं. मृत्युदंड २१, १५, ७, १ असे गळत जातात, १९६८ पासून तर थांबतातच, आणि खुनाचा दर चढत सातच्या पुढे जातो. एर्लिकचे आठ खून जवळपास सगळे या शेवटच्या मूठभर वर्षांत बसलेले आहेत. बॉवर्स आणि पियर्स यांनी हे लगोलग दाखवलं, पुढे पॅसेल आणि टेलर यांनीही: ती वर्षं काढून टाकली की परिणाम विरतो. आणि साठच्या दशकात अमेरिकेत दुसरं काय काय बदलत होतं! युद्धानंतर जन्मलेली मोठी पिढी ऐन विशीत येत होती, शहरं पेटत होती, बंदुका वाढत होत्या. या सगळ्याचं खापर एका रकान्यावर फोडायचं का?

इथवर आलं की स्टेट स्पेस मॉडेल शिकवायला जमीन तयार होते.

घरातल्या जुन्या, डुगडुगणाऱ्या वजनकाट्यावर तुम्ही रोज उभे राहता असं धरा. आज काटा ६२ दाखवतो, उद्या ६४, परवा ६१. तुमचं खरं वजन थोडं हलत असतं, पण काटा त्याहून जास्त हलतो. खरं वजन ही 'स्टेट'. ती कुणाला दिसत नाही. दिसतं ते 'ऑब्झर्व्हेशन'. म्हणून समीकरणं दोन लिहायची: एक खरं वजन कालपासून आजवर कसं सरकलं याचं, दुसरं काटा त्यात किती गडबड घालतो याचं. रुडॉल्फ कालमनने १९६० मध्ये जी रीत मांडली, ती दर वेळी एवढंच करते. कालच्या अंदाजावरून आज काय दिसायला हवं ते सांगते, प्रत्यक्षात काय दिसलं ते पाहते आणि फरकातला किती भाग खरा मानायचा ते ठरवते. काटा बेभरवशाचा असेल तर थोडा, वजनच झपाट्याने बदलत असेल तर जास्त. अपोलो यान चंद्राकडे जाताना नेमकं कुठे आहे हे काढायला हीच रीत वापरली गेली. संख्याशास्त्रात ती रुळवली ती मुख्यत्वे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या अँड्र्यू हार्वी, जेम्स डर्बिन यांच्यासारख्यांनी.

खुनाच्या दराला हे लावलं की एक मोठा फरक पडतो. साध्या रिग्रेशनला वाटतं, आपण दिलेल्या घटकांशिवाय जगात काही बदलतच नाही. स्टेट स्पेस मॉडेलमध्ये दराची एक पातळी असते आणि तिला स्वतःच्या पायाने फिरायची मुभा असते. पिढी, बंदुका, दारू, पोलिसांच्या नोंदी, ज्यांची नावंही आपल्याला ठाऊक नाहीत असं सगळं त्या पातळीत मुरतं. मृत्युदंडाचा गुणक, म्हणजे त्यामुळे दर किती बदलतो तो आकडा, वेगळा काढायचा तो या फिरत्या पातळीच्या वर. वर्गात हे मॉडेल चालवलं की गुणकाच्या अंदाजाचा पट्टा शून्याच्या दोन्ही बाजूंना ऐसपैस पसरतो. खून कमी होतात, वाढतात, काहीच होत नाही, तिन्ही त्यात मावतं.

फाशीविरोधी मुलं इथे खूश होतात. एका वर्षी त्यांच्यातल्याच एका मुलीने मला अडवलं. "मॅडम, पण ही तर पातळीची चलाखी झाली. तिला हवं तसं फिरू दिलं तर ती फाशीचा परिणामही गिळेल की."

इतका चांगला आक्षेप वर्गातून क्वचित येतो. मी तिला फळ्याकडे बोलावलं आणि पातळी वर्षाला किती हलू शकते हा आकडा तिलाच बदलायला सांगितला. तो शून्य केला की पातळी खिळून बसते, सगळा चढउतार गुणकाच्या अंगावर येतो आणि एर्लिकसारखं उत्तर हळूच डोकं वर काढतं. वाढवत नेला की पट्टा रुंदावत जातो. डेटाला विचारलं तर तो म्हणतो, पातळी बऱ्यापैकी हलते. पण नक्की किती, हे सदतीस बिंदूंवरून सांगायची त्याची ताकद नाही. लोक ज्याला फाशीच्या परिणामावरचा वाद म्हणतात तो गणिताच्या बाजूने पाहिला तर बराचसा या एका आकड्यावरचा वाद आहे: समाजातली हिंसा आपापल्या कारणांनी किती बदलत असते. त्यावर टीव्हीवर कुणी भांडताना मी ऐकलेलं नाही.

मुलांच्या मनात मग साहजिक शंका येते की हे यंत्र कधी कुठला परिणाम पकडतं तरी का. म्हणून लगेच पुढच्या तासाला मी ब्रिटनचा सीट बेल्ट घेते. ३१ जानेवारी १९८३ पासून तिथे पुढच्या सीटवर पट्टा बांधणं सक्तीचं झालं. तिथल्या वाहतूक खात्यासाठी हार्वी आणि डर्बिन यांनी त्याचा परिणाम तपासला आणि १९८६ मध्ये रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये मांडला. जानेवारी १९६९ ते डिसेंबर १९८४ असे १९२ महिन्यांचे आकडे 'आर' या सॉफ्टवेअरमध्ये आयते मिळतात, त्यामुळे मुलं ते स्वतः चालवतात. मारले गेलेले किंवा गंभीर जखमी झालेले मोटारचालक महिन्याला साधारण हजार ते अडीच हजार. डिसेंबरात वर, वसंतात खाली, तेलाच्या किमती वाढल्या की खाली. तीच फिरती पातळी, वर ऋतूंचं चक्र, आणि फेब्रुवारी १९८३ पासून एक पायरी. पातळीला हवी तेवढी मोकळीक दिली तरी पायरी स्वच्छ दिसते: चालकांमध्ये सुमारे २३ टक्के घट. त्या वेळी वर्गात जो आवाज होतो तो मला आवडतो. क्रिकेटमध्ये यॉर्करवर दांडी उडाल्यावर होतो, जवळपास तसा.

दोन्ही मॉडेलांत कोड तोच. फरक पडला तो कायदा कसा होता त्यामुळे. पट्टा एका दिवसात देशभर लागू झाला आणि बांधणाऱ्यांचं प्रमाण चाळीसेक टक्क्यांवरून नव्वदच्या वर गेलं. पट्टा छाती धरून ठेवतो. त्याला कुणाच्या मनात शिरावं लागत नाही. मृत्युदंडाला मनात शिरावं लागतं, तेही गुन्ह्याच्या क्षणी. शिवाय त्याचं प्रमाण पाहा. १९७७ मध्ये अमेरिकेत मृत्युदंड पुन्हा सुरू झाल्यापासून सर्वांत जास्त झाले ते १९९९ मध्ये, ९८. त्या वर्षी खून झाले साडेपंधरा हजारांच्या घरात, आणि १९९१ मध्ये हाच आकडा साडेचोवीस हजारांच्या पुढे होता. आठ वर्षांत नऊ हजारांनी घट, आणि तीही मृत्युदंड असलेल्या नि नसलेल्या, दोन्ही प्रकारच्या राज्यांत. एवढ्या गदारोळात शंभराच्या आतल्या मृत्युदंडांचा माग कसा काढणार?

पुढच्या संशोधकांनी हे मनावर घेतलं असं मात्र नाही. २००३ मध्ये देझबख्श, रुबिन आणि शेफर्ड यांनी काउंटींचे आकडे घेऊन एका मृत्युदंडामागे अठरा खून टळतात असं मांडलं, दहा इकडेतिकडे. जॉन डोनोह्यू आणि जस्टिन वुल्फर्स यांनी २००५ मध्ये 'स्टॅनफर्ड लॉ रिव्ह्यू'त अशी बरीच मॉडेलं पुन्हा चालवली. लहानसहान बदल केले तरी उत्तरं उलटी होत होती. त्या निबंधातला एक आलेख मी दर वर्षी दाखवते: अमेरिका आणि कॅनडा यांचे खुनाचे दर. कॅनडात शेवटची फाशी १९६२ ला झाली, १९७६ ला कायद्यातूनही गेली, अमेरिकेत त्याच सुमारास ती परत आली. आणि दोन्ही देशांच्या रेषा वर-खाली जातात जोडीने. फ्रँकलिन झिमरिंग आणि सहकाऱ्यांनी हाँगकाँग आणि सिंगापूर यांची अशीच जोडी लावली. एका शहरात १९६६ नंतर फाशी नाही, दुसऱ्यात नव्वदीच्या दशकात भरपूर, तरी खुनाची घसरण सारखीच. अखेर २०१२ मध्ये अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलच्या समितीने सांगून टाकलं की तोवरच्या या अभ्यासांवरून परिणाम होतो असंही म्हणता येत नाही, होत नाही असंही नाही, आणि धोरण ठरवताना ते वापरू नयेत. १९७८ च्या त्यांच्याच समितीचा सूरही फारसा वेगळा नव्हता. मधली चौतीस वर्षं कुठे गेली, असा प्रश्न मुलं विचारतात. मी म्हणते, निबंधांत गेली.

हे सगळं वर्गापुरतं ठीक होतं. डिसेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने शक्ती विधेयक मंजूर केलं, बलात्काराच्या काही प्रकारांना फाशीची तरतूद असलेलं. (राष्ट्रपतींची संमती न मिळाल्यामुळे ते पुढे अमलात आलंच नाही.) त्या धामधुमीत फाशीच्या कैद्यांची प्रकरणं लढवणाऱ्या एका ओळखीच्या वकीलताईंचा फोन आला. त्यांना एक टिपण हवं होतं. "अमेरिकेचं पुराण दोन पानांत आटपा मॅडम, आपल्याकडचं सांगा. फाशीने आपल्याकडे गुन्हे कमी होत नाहीत असा आकडा द्या."

दोन विद्यार्थ्यांना हाताशी घेऊन मी बसले. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे खुनाचे वार्षिक आकडे मिळायला अडचण नाही. २००१ नंतर ते साधारण अठ्ठावीस ते छत्तीस हजारांच्या पट्ट्यात आहेत आणि एकूण कल उतरता. शेजारचा फाशीचा रकाना त्यांतल्या एका मुलाने भरून दिला. २००४ समोर १, कोलकात्याच्या अलीपूरची. २०१२ समोर १, येरवड्याची, कसाबची. २०१३ समोर १, तिहारची, अफझल गुरूची. २०१५ समोर १, नागपूरची, याकूब मेमनची. २०२० समोर ४, निर्भया प्रकरणातल्या. बाकी सगळी शून्यं. तो म्हणाला, "मॅडम, हा रकाना मॉडेलला दिला तर ते हसेल." हसलं नाही, पण प्रत्येक बिंदूसाठी देशातल्या त्या वर्षाच्या सगळ्या घडामोडी फाशीच्या नावावर लागायला लागल्या. २०२० चे चौघे तर टाळेबंदीच्या वर्षात. २० मार्चला फाशी आणि चार दिवसांनी रात्री देश बंद. आणि समजा, वचक बसतही असेल, तर कुणाला? बांधाच्या भांडणात भावाच्या डोक्यात कुऱ्हाड घालणाऱ्याने अफझल गुरूच्या फाशीवरून काय समजायचं?

मागे जावं तर रकानाच नाही. स्वातंत्र्यानंतर देशात किती फाशी झाल्या याचा पन्नाशीच्या घरातला एक आकडा वर्षानुवर्षं फिरत होता. मग पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स या संघटनेच्या हाती विधी आयोगाच्या १९६७ च्या अहवालाचं परिशिष्ट लागलं. त्यात १९५३ ते १९६३ या एका दशकातच सोळा राज्यांत १,४२२ फाशी नोंदलेल्या होत्या. खुनाचा दर लाखामागे दशांशापर्यंत सांगणाऱ्या देशाला आपण किती माणसं फासावर दिली हे हजाराच्या अंतराने ठाऊक नव्हतं. माझ्या मते या सगळ्या प्रकरणातली सर्वांत लाजिरवाणी गोष्ट ही आहे, आणि तिच्यासाठी कुठलंच मॉडेल लागत नाही.

वकीलताईंचा आवडता दाखला त्रावणकोरचा होता. त्या संस्थानाने १९४४ मध्ये फाशी बंद केली होती. वादांत नेहमी सांगतात की १९४५ ते १९५० या फाशी नसलेल्या काळात तिथे ९६२ खून झाले, आणि फाशी परत आल्यावर १९५० ते १९५५ मध्ये ९६७. ऐकायला हे बिनतोड वाटतं. मी टिपणात लिहिलं की यावरून काहीही सिद्ध होत नाही. १ जुलै १९४९ ला त्रावणकोर आणि कोचीन एक झाले. मग दुसऱ्या पाच वर्षांतले खून कुठल्या सीमांच्या आतले मोजले, हे कळल्याशिवाय तुलनाच उभी राहत नाही. त्यात लोकसंख्या वाढती, महायुद्ध संपलेलं, रेशनची टंचाई. दोन बेरजा शेजारी ठेवून पातळी खिळवणं हे एर्लिकचंच काम, फक्त उलट बाजूने.

टिपणाच्या निमित्ताने एका चर्चासत्रात बोलावणं आलं. तिथे एक निवृत्त पोलीस अधिकारी होते. माझं झाल्यावर ते म्हणाले, "बाई, परिणाम दिसत नाही म्हणजे तो नाही, असं नाही ना?" मी म्हटलं, अगदी बरोबर. ते पुढे काहीतरी बोलायच्या तयारीत होते, माझ्या होकाराने थोडे गडबडले. मग म्हणाले, "मग तुम्ही आमच्या बाजूने की त्यांच्या?" मी सांगितलं की मला फाशी नको आहे, पण त्याची माझी कारणं वेगळी आहेत. चुकीच्या माणसाला दिली तर परत घेता येत नाही, आणि आपल्याकडे ती कुणाच्या वाट्याला येते हे न्यायाधीश, वकील, जिल्हा यांच्यावर फार अवलंबून असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या बच्चन सिंग निकालात न्यायमूर्ती भगवतींनी वेगळं मत दिलं ते याच मनमानीवर बोट ठेवून. न्यायमूर्ती अजित शहा यांच्या अध्यक्षतेखालच्या विधी आयोगाने २०१५ मध्ये दहशतवाद आणि देशाविरुद्ध युद्ध सोडून बाकी गुन्ह्यांसाठी फाशी रद्द करावी असं सुचवलं, त्यातही ही कारणं आहेत. माझा कालमन फिल्टर यांतलं कुठलंही कारण बळकट करत नाही आणि खिळखिळंही करत नाही. उद्या कुणी अरुंद पट्टा काढून दाखवला की एका फाशीने खरंच तीन खून टळतात, तर मला माझं मत पुन्हा तपासावं लागेल. कदाचित तरी बदलणार नाही. साहेबांना हे उत्तर निसरडं वाटलं. चहाला मात्र त्यांनी सीट बेल्टचा आलेख पुन्हा दाखवायला सांगितला आणि हेल्मेटवर असं काही करता येईल का, याची बारकाईने चौकशी केली.

वकीलताईंनी टिपण वाचून फोन केला तेव्हा आवाज जरा चढलेला होता. "त्रावणकोर कशाला फाडलंत हो? ते आमचं हक्काचं आहे." मी म्हटलं, पटत नसेल तर माझं नाव काढा आणि टिपण वापरा, पण परिच्छेद तसाच राहील. दोन दिवसांनी त्यांचाच निरोप आला: "राहू द्या. समोरच्याने फाडण्यापेक्षा आपण फाडलेलं बरं." आणि पुढच्याच वाक्यात त्या दुसऱ्या प्रकरणावर गेल्या. दयेचे अर्ज कुठल्या टेबलावर किती दिवस पडून होते, याचा तक्ता त्यांना हवा होता. पुण्याच्या बीपीओ खटल्यात २०१९ मध्ये आणि कोल्हापूरच्या गावित बहिणींच्या बाबतीत नुकतंच, जानेवारी २०२२ मध्ये, मुंबई उच्च न्यायालयाने अशा दिरंगाईपायीच फाशी रद्द करून जन्मठेप दिली होती. मी विचारलं, यात माझं काय काम? "तारखा वजा करायच्या आहेत," त्या म्हणाल्या, "आणि लीप वर्षं आमच्या ज्युनियरला जमत नाहीत." तक्ता मी मुलांकडून करून घेतला, दोघांनी वेगवेगळा केला आणि मग दोन्ही ताडून पाहिले.